येते हं, मिना

भुतंखेतं रात्रीच निघतात ही डोळे असणाऱ्यांची समजूत. ज्याला दिसतं, त्यालाच अंधाराचं भेव. शाहिस्ताला जन्मापासून दिसत नव्हतं. तिच्या लेखी रात्र आणि दुपार यांत फरक एवढाच, की दुपारी आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर हॉर्न वाजत आणि रात्री कुत्री भुंकत. अंधाराला घाबरायचं असतं, असं लहानपणी कुणीतरी तिला सांगून पाहिलं होतं. पण जो कधी गेलाच नाही त्याला घाबरायचं कसं? त्यामुळं जे झालं ते भर दुपारी झालं याचं तिला नवल वाटत नाही. बाकी सगळ्याचं वाटतं.

तिच्या बापाचं, दस्तगीरचं, नांदेड रस्त्याला गाद्यांचं दुकान. पुढं कापूस, सुया, खोळी आणि दस्तगीरचा खोकला. मागच्या खोलीत शाहिस्ताचा स्टुडिओ. स्टुडिओ हा शब्द मोठा झाला. चारी भिंतींना, छताला आणि दाराला आतून म्हाताऱ्यानं जुन्या गाद्या ठोकून दिल्या होत्या, एवढंच. "रुई आवाज खाती बेटा," तो म्हणायचा, आणि खरंच खायची. त्या खोलीत टाळी वाजवली तर ती तळहातातच मरायची. आवाजाला मागं शेपूट म्हणून उरत नसे. तिथं बोलणारा माणूस अगदी कानाला तोंड लावून बोलल्यासारखा वाटे, आणि नवीन गिऱ्हाईक आपलाच आवाज ऐकून दचके.

या खोलीत भंगारवाल्याच्या गाडीची आरोळी तयार व्हायची, शिकवण्यांच्या जाहिराती व्हायच्या, भजनी मंडळांची गाणी व्हायची. निवडणुकीत तर एकाच दुपारी तीन वेगवेगळे उमेदवार 'तुमचा लाडका' झालेले शाहिस्तानं गुमान ऐकून घेतले होते. माउसला ती हात लावत नसे. सगळं काम कीबोर्डावर, आणि पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवायला स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकातच राहणारा एक सपाट बाप्याचा आवाज. तिनं त्याचं नाव मुनशी ठेवलं होतं. गाणं हेडफोनात वाजे आणि मुनशी डाव्या हाताच्या छोट्या स्पीकरातून बोले. न थांबता, एका सुरात, श्वास न घेता. पानभर वाचलं तरी त्याला दम लागत नसे. आणि मुनशी खोटं बोलत नसे, कारण खोटं बोलायला लागते तेवढी अक्कल त्याला नव्हती. पडद्यावर आहे ते वाचायचं, नाही ते वाचायचं नाही.

तिच्या हाताला गुण होता तो घुमाऱ्याचा. माणूस लांब आहे की जवळ, हे डोळस माणूस बघून ओळखतो. शाहिस्ता ते घुमाऱ्यावरून ओळखायची. विहिरीवरून हाक मारलेली, बोळातून मारलेली, पत्र्याच्या शेडातून मारलेली, प्रत्येकीचा घुमारा वेगळा. जवळचा आवाज कोरडा असतो आणि दूरचा घुमाऱ्यात भिजलेला. संगणकातही हीच करामत होती. कोरड्या आवाजावर घुमारा चढवत नेला की माणूस लांब जातो. आणि तो किती, कुठं चढवायचा याच्या खुणा गाण्यावर आधीच करून ठेवता येतात; मग गाणं वाजलं की घुमारा आपोआप वरखाली होतो, हात लावावा लागत नाही. ती दहापासून खुणा करत जाई आणि नव्वदला थांबे. शंभरला कधी गेली नाही. "शंभरला माणूस उरत न्हाई," ती सांगायची, "नुसता घुमारा उरतो."

चैत्रातल्या एका सकाळी वैजनाथ दुकानात आला. कयाधू नदीच्या पल्याडचा शेतकरी, अंगाला उकडलेल्या हळदीचा वास. पावलं जड, पण उंबऱ्याशी येऊन थबकणारी. चोर आणि दुखणेकरी असेच थबकतात, हे शाहिस्ताला ठाऊक होतं.

"आपा, एक काम व्हतं. जरा येगळं हाय."

"बसा की. पाणी घ्या. भंगाराच्या आरोळीपरीस येगळं काय असनार?"

तो हसला नाही. खिशातून फोन काढला आणि तिच्या पुढ्यात धरला. "बायकोचं गाणं हाय. कोमलचं."

फोनातून आधी कोंबडी ओरडली, मग बांगड्या वाजल्या, आणि एक मोकळा, थोडा बसका आवाज गायला लागला:

*हळद लावा गं, सावळ्या पायाला,*
*लेक जाते सासरी, सांगा तिच्या मायला.*

चार कडवी झाली. गाणं संपल्यावर ती स्वतःशीच हसली, आणि उठता उठता कुणाला तरी म्हणाली, "येते हं, मिना. इथंच बस." तिथं रेकॉर्डिंग तुटलं.

"मेहुणीच्या हळदीत लावायचं म्हनून भरलं व्हतं," वैजनाथ म्हणाला. "भरलं अन् तशीच रानात गेली. भादवा व्हता. हळदीच्या वाफ्यात पान लागलं."

पान लागलं म्हणजे काय, ते कुणाला विचारावं लागत नाही. त्या सरपटणाऱ्या जनावराचं नाव घरात घेत नाहीत.

"मिना माझी पोरगी. सा वर्साची. माय म्हनली इथंच बस, तर तशीच बसली हाय आपा. तवापून उंबऱ्यावर बसून राहिली. साळा न्हाई, खेळनं न्हाई. गाणं लावल्याबिगर घास घेत न्हाई. अन् लावलं की शेवटाला ते 'येते' ऐकती अन् पुन्हा जाऊन बसती. रानच्या रस्त्याकडं तोंड करून. परवा उन्हानं चक्कर येऊन पडली. डाक्टर म्हनले, पुन्हा असं झालं तर लेकरू हाती लागायचं न्हाई."

"मंग तेवढा शब्द कापून टाकू."

"कापला व्हता. बाळापुरातल्याच एकानं कापून देला. पन तिला पाठ हाय ना सगळं! म्हनली, माय आजून बोलायची हाय. अन् ती बोलंस्तोवर बसली. दिवस मावळला तरी उठंना." वैजनाथनं घसा साफ केला. "तिथं शब्द पाहिजेच. म्हनून म्हनतो... तिला 'जाते' म्हनायला लावा."



आपल्याकडं घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. चार घरं पलीकडं पीठ आणायला जायचं असो की चार जिल्हे पलीकडं नांदायला जायचं असो, म्हणायचं 'येते'च. शाहिस्ताच्या घरी दखनी बोलत, पण रीत तीच. तिची अम्मी बाजाराला निघाली तरी "आतौं" म्हणून निघायची. नांदेडच्या दवाखान्यात नेताना ॲम्ब्युलन्समधूनही तेच म्हणाली होती. शाहिस्तानं पुढं कितीतरी दिवस दाराची कडी लावू दिली नव्हती.

"असं कोनी म्हनतं का, वैजनाथभाऊ?" ती हळूच म्हणाली. "बाईमानूस निघताना 'जाते' म्हनती का कधी?"

"जित्ती म्हनत न्हाई," वैजनाथ म्हणाला. "गेलेलीनं तरी म्हनावं."

खरं सांगायचं तर ती उंबऱ्यावरची पोर शाहिस्ताच्या मनात तेवढ्यात येऊन बसलीही होती. तिनं गाणं उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं काम काढलं. बाहेर ऊन रणरणत होतं. नमाज पढून दस्तगीर पुढल्या दुकानात अर्ध्या शिवलेल्या गादीवर लवंडला होता आणि त्याचं घोरणं उघड्या दारातून येत होतं. रस्ता थकून गप्प झालेला. शाहिस्तानं दार ओढून घेतलं तसं घोरणंही तुटलं. गाद्यांच्या त्या खोलीत ती, पंखा आणि मुनशी.

'जाते' गाण्यातच होतं. *लेक जाते सासरी.* तिनं तो शब्द शोधला, त्याच्या दोन्ही बाजूंना चीर दिली, उचलला आणि 'येते'च्या जागी आणून बसवला. गायलेला शब्द बोललेल्यात बसायचा नाही अशी तिला धास्ती होती. पण तिनं त्याचा सूर थोडा उतरवला, लांबी थोडी छाटली, आणि तो असा बसला की जणू त्याच जागेसाठी म्हटलेला होता.

"जाते हं, मिना."

नुसतं तेवढं ऐकून तिच्या अंगावर काटा आला. फार कोरडं होतं ते. तोंडावर दार लावल्यासारखं. लेकराला असं नाही सांगायचं. तिनं त्या वाक्यावर घुमाऱ्याच्या खुणा करायला घेतल्या, आणि मुनशी एकेक वाचत गेला.

"घुमारा, दहा. घुमारा, तीस. घुमारा, पन्नास. घुमारा, सत्तर. घुमारा, नव्वद."

मग तिनं वाजवलं. कोमल उंबऱ्यापाशी म्हणाली, "जाते हं, मिना," आणि म्हणता म्हणता अंगणातून निघाली, बोळातून गेली, शिवारात गेली, नदीपल्याड गेली. शेवटचा 'ना' कुठं संपला ते कळलंही नाही. शाहिस्ताचे डोळे भरून आले. दिसायच्या कामाचे नव्हते, पण रडायला चांगले होते. आपल्या अम्मीला असं कुणी जाऊ दिलं असतं तर, असंही तिच्या मनात आलं.

काम देण्याआधी सगळं पहिल्यापासून एकदा ऐकायचं, ही तिची सवय. तिनं गाणं सुरुवातीला नेलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. कोंबडी ओरडली, बांगड्या वाजल्या, चारही कडवी झाली. कोमल हसली.

"येते हं, मिना."

शाहिस्ताला वाटलं, चुकून काहीतरी मागं घेतलं गेलं. तिनं मुनशीला विचारलं. मुनशीनं वाचलं: नवा तुकडा, जाते. शब्द होता तिथंच होता. तिनं पुन्हा वाजवलं.

"येते हं, मिना."

आणि या खेपेला तिला दुसरी गोष्ट कळली. आवाज जात नव्हता. तो नदीपल्याड सुरू होत होता आणि अलीकडं येत होता.

तिनं खुणा वाचायला लावल्या. मुनशीच्या आवाजात काही फरक नव्हता. "घुमारा, नव्वद. घुमारा, सत्तर. घुमारा, पन्नास. घुमारा, तीस. घुमारा, दहा."

उलट्या. सगळ्या उलट्या. घाई झाली की माणूस भाताच्या भांड्यात दोनदा मीठ टाकतो, तसं काहीतरी आपल्या हातून झालं असेल, तिनं स्वतःला समजावलं. खुणा करायची दोन रूपं असतात: एकात संगणक हाताची हालचाल लिहून घेतो, दुसऱ्यात लिहिलेलं नुसतं वाचतो. लिहिण्यावर राहिला असेल आणि बोट लागलं असेल. तिनं विचारलं.

"वाचन," मुनशी म्हणाला.

म्हणजे लिहिणं बंद होतं. कुणी काही लिहू शकत नव्हतं.

तिनं सगळ्या खुणा पुसल्या. नव्यानं केल्या. वाजवलं. आता आवाज शिवारातून सुरू झाला आणि बोळात आला. पुन्हा पुसल्या, पुन्हा केल्या. तो बोळातून सुरू झाला, आणि तो बोळ कुठला हे शाहिस्ताच्या कानाला ठाऊक होतं. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला पत्र्याचं शेड. तो वैजनाथच्या गावचा बोळ नव्हता. तिच्या दुकानामागचा होता.

पंख्याची हवा चालू असून तिच्या पाठीवरून घाम ओघळत होता. वास येत होता. ओल्या मातीचा, आणि त्यात चुरगळलेल्या हळदीच्या पानांचा. चैत्रात हळद काढून झालेली असते. हिरवं पान कुठून येणार?

मग तिनं शेवटचा उपाय केला. अख्खं वाक्यच उडवलं. 'जाते' नाही, 'येते' नाही, खुणा नाहीत. गाणं संपलं की नुसती शांतता. "रिकामं," मुनशीनं सांगितलं. तिनं एकदा ऐकून खात्री केली. कोमल हसली, आणि पुढं काही नाही. शाहिस्तानं ते तसंच पेनड्राइव्हमध्ये उतरवलं, संगणकावरचं गाणं बंद केलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

खोली नेहमीसारखी मुकी होती.

"घुमारा," मुनशी म्हणाला, "शून्य."

काही चालू नव्हतं. वाचण्यासारखं पडद्यावर काहीही नव्हतं. आणि शून्य म्हणजे काय हे शाहिस्ताइतकं बाळापुरात कुणाला कळत नव्हतं. शून्य म्हणजे बोळ नाही, अंगण नाही, दुकान नाही. शून्य म्हणजे या गाद्यांच्या आत.

तिच्या उजव्या कानाजवळ बांगड्या वाजल्या. अगदी थोड्या, वाकून बघताना वाजतात तेवढ्या.

"...मिना?"

कोरडा आवाज. हेडफोनातला नव्हे. त्याच्यात राग नव्हता, दुःखही नव्हतं. अंधारात चाचपडत कुणी लेकराच्या अंथरुणावरून हात फिरवावा, तसा तो आवाज खोलीभर फिरत होता.

"मिना...?"

काहीतरी बोललं नाही तर तो हात आपल्यावरून फिरणार, एवढंच शाहिस्ताला कळत होतं. मेटाकुटीला आलेला माणूस मागचापुढचा विचार करत नाही. आणि ती बोलली.

"मिना इथं न्हाई... घरी हाय. उंबऱ्यावर बसलीया. तुमचीच वाट बघून राहिली."

बांगड्या थांबल्या. दारावरची गादी भिंतीला घासली. आणि हळदीचा तो ओला वास पाणी उतरावं तसा खोलीतून उतरत गेला.

शाहिस्ता भिंत धरून दुकानात आली. दस्तगीर उठून बसला होता, सुई शोधत.

"वो बाई गई क्या गे?" त्यानं जांभई देत विचारलं. "पानी भी नै पूछी तू उसकू."

"कौन बाई, अब्बा?"

"अब्भी निकली ना अंदर से. मेरी आँख लगी थी. पर जाते जाते बोलके गई. अच्छे घर की थी." म्हातारा कौतुकानं म्हणाला. "बोली, येते हं."

त्याच संध्याकाळी वैजनाथ आला तो घाईत. हळदीची पोती टेम्पोत भरून तो हिंगोलीच्या मोंढ्यात विकायला निघाला होता. टेम्पो चालूच ठेवून त्यानं दारातूनच पेनड्राइव्ह घेतला. शाहिस्ताच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण काय सांगणार? तुमची मेलेली बायको आली होती आणि मी तिला तुमच्या घराचा पत्ता दिला? ती एवढंच म्हणाली, "मिनाला जपा. घरी कोन हाय तिच्याजवळ?"

"माझी माय हाय. चतुराबाई. काळजी नगा करू आपा, मोंढ्यातून आलो की लावतो गाणं." आणि टेम्पो गेला.

त्या दिवसापासून शाहिस्तानं संगणक लावला नाही. भंगारवाला नव्या आरोळीसाठी दोनदा येऊन गेला. मुनशीच्या स्पीकरची वायर तिनं बापाकडून काढवून घेतली, गुंडाळून स्पीकरसकट मागच्या खोलीतच कोपऱ्यातल्या कापसाच्या पोत्यावर ठेववली. तिला झोप लागत नव्हती. वैजनाथला फोन केला की तो म्हणे, मोंढ्यात गर्दी आहे, नंबर लागत नाही. दुपार झाली की ती उगाच पुढल्या दुकानात बापापाशी जाऊन बसे आणि खोळींना टाके घाली. आपण सांगितलं ते काही ऐकलं गेलंच नसेल, सगळा उन्हाचा आणि उपाशी पोटाचा खेळ असेल, असं ती टाक्याटाक्याला मनाला बजावी. म्हाताऱ्यालाही स्वप्न पडलं असेल. कापसात झोपलं की पडतात.

आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी फोन वाजला. बाहेर इतका गलका होता की ती फोन घेऊन मागच्या खोलीत गेली. दार ओढलं तसा बाजार विझला.

"आपा!" वैजनाथचा आवाज कधी नव्हे तो उघडा होता, हसरा. "लय उपकार झाले बगा तुमचे!"

शाहिस्ताचा जीव भांड्यात पडला. "काय झालं?"

"मी आत्ताच घरी आलो. मिना उंबऱ्यावर न्हाई! आत भावलीसंगं खेळून राहिली. माय म्हनली, मी सकाळी पोती भराया निघालो त्याच दिवशी, दुपारी, आपनहून उठली उंबऱ्यावरनं. आत आली, पोटभर जेवली, अन् तवापून तिथं बसली म्हनून न्हाई. मी इचारलं, काहून गं? तर म्हनती, आता कशाला बसू?"

"मंग... गाणं कोनी लावलं?"

"तेच तं सांगून राहिलो! लावायची बारीच आली न्हाई. तुमचा पेनड्राइव आजून माझ्या खिशातच हाय."

गाद्यांच्या खोलीत तिच्याच श्वासाचा आवाज तिला कोरडा ऐकू येत होता.

"वैजनाथभाऊ," ती म्हणाली, "मी सांगते ते ऐका. तिला जवळ घेऊन बसा. दार लावून घ्या. एकटं सोडू नका तिला, मी पाया पडते तुमच्या..."

"अवं काहून? घ्या, तुमीच बोला तिच्याशी. मिना! ये मिना, मावशीला बोल गं. मी मायला च्या टाकाय सांगून येतो."

फोन हातातून हातात गेला. बारीक पावलं चालली. शेण-मातीच्या जमिनीवरून दगडावर आली. मग आवाज आला, नाजूक, आणि फार जवळ.

"मावशी?"

"मिना, बाळा, कुठं हायस तू?"

"उंबऱ्यात."

"बसलीस का पुन्हा?"

"न्हाई. उभी हाय." पोर हसली. गाणं संपल्यावर कोमल हसली होती तशीच. "आमी निघालो."

"आमी म्हंजे कोन गं? मिना, आत जा. बापाकडं जा आधी, ऐक माझं!"

पोर ऐकत नव्हती. फोन बाजूला धरून ती दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकत होती, मान वर करून, मोठ्या माणसाचं ऐकतात तसं. शाहिस्ताला बांगड्या ऐकू आल्या. मग मिना फोनाशी आली, आणि पाहुण्यांकडून निघताना लेकरं शिकवलेलं म्हणतात, त्या शहाण्या सुरात म्हणाली,

"माय म्हनली, मावशीला येते म्हन. येते हं, मावशी."

फोन दगडावर पडल्याचा आवाज झाला. पण मिनाचा शब्द तुटला नाही. तो पुढं चालला होता. *येते हं, मावशी.* अंगणात. *येते हं.* शाहिस्ता ओरडली, पण तिचा आवाज गाद्यांनी खाल्ला. फोनात मागून वैजनाथ येत होता, "मिना? कुठं निघालीस गं उन्हाची? मिना!" आणि त्याचा आवाज होता तिथंच होता, घरात. लांब जात होता तो फक्त पोरीचा. आणि तो कसा जातोय, किती दमानं, कुठल्या वळणानं, हे शाहिस्ताला आधीच ठाऊक होतं. त्या खुणा तिनंच केल्या होत्या.

कोपऱ्यात, कापसाच्या पोत्यावर गुंडाळून ठेवलेल्या वायरीपाशी, मुनशी बोलायला लागला.

"घुमारा, दहा."

"मिना!" फोन उचलून वैजनाथ पळत सुटला होता.

"घुमारा, तीस. घुमारा, पन्नास."

शाहिस्ता गुडघ्यांवर पोत्याशी पोचली. हातांनी चाचपून तिनं स्पीकर उचलला. वायर मोकळी होती, दुसरं टोक तिच्याच मुठीत होतं. तिनं स्पीकर छातीशी आवळून धरला, गादीत दाबला.

"घुमारा, सत्तर," तो गादीतून म्हणाला.

बोळ संपला. शिवार आलं. *येते...*

"घुमारा, नव्वद."

आणि थांबला. तिची शेवटची खूण नव्वदची होती. त्यापुढचं शंभर तिनं कधीच लिहिलं नव्हतं. नव्वदला आवाज नदीपल्याड असतो, पण असतो. हाक मारली तर मागं वळू शकतो. शाहिस्तानं फोन तोंडाशी धरला आणि जन्मात मारली नव्हती एवढ्या मोठ्यानं हाक मारली. "मिना, परत ये!" मग कान देऊन बसली. फोनात वैजनाथची पावलं, वारा, लांबवर कुठंतरी एक बारीकसा, अजून न संपलेला 'ये'.

तेवढ्यात तिच्या छातीशी धरलेल्या त्या मेलेल्या स्पीकरात, ज्याला कधी दम लागला नव्हता त्या मुनशीनं, पुढचं बोलण्याआधी एक श्वास घेतला.